एक पिन, चार कान : मिळून ऐकण्याची गोष्ट



आजच्या भागात आम्ही एका बोटभर वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. मोबाइलच्या दुकानात ही वस्तू चार्जर आणि कव्हरांच्या मधे कुठेतरी लटकत असते. एका बाजूला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन भोकं. दुकानदार तिला ‘स्प्लिटर’ म्हणतात, आपण ‘दोन तोंडांची पिन’ म्हणू. ती फोनला लावली की एका फोनवर दोन हेडफोन चालतात आणि दोघी जणी एकाच वेळी तेच ऐकू शकतात.

एवढ्याशा वस्तूचा कसला आला इतिहास, असं वाटेल. पण ही पिन म्हणजे एका जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. आवाज एका ठिकाणाहून येतो, तो ऐकायला कोणाला मिळतो? एकाला, सगळ्यांना, की ज्याच्या हातात यंत्र आहे त्यालाच? आपल्या गावात, आपल्या घरात हा प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणून जरा मागे जाऊन बघू.

आवाज साठवून ठेवणारं पहिलं यंत्र, म्हणजे फोनोग्राफ, अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी १८७७ साली तयार केलं. त्याचा आवाज फार बारीक यायचा. मग यंत्राला रबराच्या नळ्या जोडल्या आणि नळीचं टोक कानाला लावून लोक ऐकू लागले, डॉक्टरीणबाई छाती तपासताना लावतात तसं. २३ नोव्हेंबर १८८९ या दिवशी सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या एका गुत्त्यात लुई ग्लास नावाच्या माणसाने असं यंत्र ठेवलं. नाणं टाकायचं आणि गाणं ऐकायचं. त्या यंत्राला नळ्या चार होत्या. चौघे एकदम ऐकायचे, पण प्रत्येकाने आपलं नाणं वेगळं टाकायचं! आपल्या दोन तोंडांच्या पिनेची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

आता पिनेकडे येऊ. हेडफोनची पिन मुळात गाण्यासाठी झालीच नव्हती. ती झाली टेलिफोनसाठी. १८७८ साली अमेरिकेत टेलिफोनची केंद्रं सुरू झाली. एका घरचा फोन दुसऱ्या घरी जोडायचा, तर केंद्रात बसलेल्या माणसाला एका भोकातली तार काढून दुसऱ्या भोकात खोचावी लागे. त्या तारेच्या टोकाला जी पिन असे, तिचंच लहान रूप आज आपल्या हेडफोनला आहे. जुनी पिन पाव इंच जाड होती. भजनी मंडळाच्या माइकच्या मशीनला आजही तीच जाडी लागते. मोबाइलची पिन साडेतीन मिलिमीटरची. आकार घटला, पण घडण बदलली नाही.

या केंद्रांवर सुरुवातीला पोरं ठेवली होती. ती गिऱ्हाइकांशी उद्धट बोलायची, थट्टा करायची. म्हणून बोस्टन शहरात १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट नावाच्या बाईंना कामावर घेतलं. जगातल्या त्या पहिल्या टेलिफोन ऑपरेटर बाई. त्यांच्यामागून हजारो बाया या कामात आल्या. कानाला यंत्र, हातात पिन, आणि दिवसभर लोकांचं बोलणं जोडून देणं असं ते काम होतं. आपल्याकडे मुंबईचं टेलिफोन केंद्र जानेवारी १८८२ मध्ये सुरू झालं, आणि पुढे आपल्या देशातही या खुर्चीवर बाया बसल्या. तेव्हा यंत्र म्हटलं की ‘हे बायांचं काम नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याला सांगा : ही पिन आधी बायांच्याच हातात होती.

हेडफोनचंही तसंच आहे. दोन्ही कानांना लावायचा चांगला हेडफोन १९१० साली अमेरिकेतल्या नथानिएल बाल्डविन यांनी बनवला, तोही स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तो तिथल्या नौदलाने विकत घेतला. दहा-पंधरा वर्षांनी रेडिओ आला, तेव्हा सुरुवातीच्या साध्या रेडिओला कर्णा नसायचा. हेडफोन लावूनच ऐकावं लागे. घरात माणसं पाच आणि हेडफोन एक. मग लोक काय करत? हेडफोनचे दोन भाग करून दोघे एकेक कान वाटून घेत. नाहीतर हेडफोन एखाद्या खोलगट भांड्यात ठेवत. भांड्यात आवाज घुमतो आणि भोवती बसलेल्यांना थोडाफार ऐकू येतो. मोबाइल स्टीलच्या पेल्यात ठेवून गाणी लावणाऱ्या आपल्या पोरांनी नवीन काही शोधलेलं नाही, हे यावरून कळतं.

हिंदुस्थानात नियमित रेडिओ केंद्र सुरू झालं ते मुंबईला, २३ जुलै १९२७ रोजी. १९३६ साली त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं. आपल्या विदर्भाला मात्र जवळचं केंद्र मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. इंग्रजांच्या काळात वाशीमचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडून अकोल्यात घातला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. म्हणजे आपल्या आजी-सासूच्या काळात रेडिओ आला, तेव्हा त्यांचा पत्ता ‘जिल्हा अकोला’ असाच होता.

तो रेडिओ घरोघरी नव्हता. मोठा, महाग आणि वरून सरकारी परवाना. घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टात दरसाल फी भरावी लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. त्यामुळे गावात रेडिओ असायचा तो पाटलाच्या ओसरीवर, शाळेत, नाहीतर ग्रामपंचायतीत. तो वाजायचा सगळ्यांसाठी, पण ओसरीवर आणि पारावर बसायचं कोणी? पुरुषांनी. बायांच्या कानावर पडायचं ते भाकरी थापता थापता, दाराआडून, अर्धंमुर्धं. बियाण्याची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, सगळं त्यांच्यापर्यंत आलं ते दुसऱ्याच्या तोंडून.

मिळून ऐकण्याचा आपल्या राज्यातला सगळ्यात मोठा प्रयोग याच काळात झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ शेतकरी मंडळं’ काढली. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांकडून घेतलेली होती. एका मंडळात बारा ते वीस माणसं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. सगळ्यांनी एकत्र बसून तो ऐकायचा, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, आणि पटलं ते करायचं. मंडळाने आपले प्रश्न केंद्राला कळवायचे आणि केंद्राने त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात द्यायची. असे वीस कार्यक्रम झाले.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. मंडळं असलेल्या गावांची आणि नसलेल्या गावांची तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढ झाली नव्हती. मैत्रिणींनो, ही गोष्ट गाठ मारून ठेवण्यासारखी आहे. यंत्र दोन्हीकडे होतं. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि ऐकल्यावर बोलण्याने. पुढे १९५९ पासून ही मंडळं देशभर पसरली.

पण त्या मंडळांत बसले होते ते बहुतेक पुरुषच. शेतात निंदण, वेचणी, सोंगणी करणाऱ्या बाया चर्चेच्या वर्तुळाबाहेरच राहिल्या. एवढा चांगला प्रयोग, पण अर्धं गाव त्यात नव्हतं.

त्यानंतर ट्रान्झिस्टर आला. हातात धरता येईल एवढा, सेलवर चालणारा. बैलगाडीत, मळ्यात, चुलीजवळ कुठेही नेता येणारा. बायांना रेडिओ खऱ्या अर्थाने मिळाला तो इथे. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झालं होतं. कापूस वेचताना कोणाच्या तरी गाठोड्याशी ट्रान्झिस्टर वाजतो आणि अख्खी पाटं ऐकत पुढे सरकते, असं आमच्यातल्या वयस्कर बायांनी भोगलेलं सुख आहे.

आता जपानमधली गंमत ऐका. १ जुलै १९७९ ला सोनी कंपनीने ‘वॉकमन’ बाजारात आणला. कमरेला लावायचं लहानसं कॅसेटचं यंत्र, आणि ऐकायला हेडफोन. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटलं, शेजारी माणूस असताना एकट्यानेच गाणं ऐकणं बरं दिसत नाही. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची भोकं दोन ठेवली होती. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता यायचं. म्हणजे दोन तोंडांची पिन यंत्रातच बसवलेली! पण लोकांना वॉकमन एकट्याने ऐकायलाच आवडला. ते बटण पुढच्या यंत्रांतून गेलं आणि हळूहळू दुसरं भोकही गेलं. फोन आला तो एकाच भोकाचा, आणि आता तर कित्येक फोनना तेही नाही.

इथे आपली गोष्ट पूर्ण उलटी झाली. पूर्वी यंत्र एक आणि ऐकणारे पन्नास. आता प्रत्येक कानात वेगळं यंत्र. घरात पाच माणसं पाच गोष्टी ऐकतात. आणि फोन कोणाकडे? बहुतेक घरांत चांगला फोन मुलाकडे नाहीतर घरधन्याकडे. बाईच्या वाट्याला तो येतो थोड्या वेळापुरता, तोही ‘मोठ्याने लाव, काय ऐकतेस ते कळू दे’ या अटीवर.

मधल्या काळात एक चांगली गोष्टही घडली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, हवेतल्या रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ साली सरकारने सामाजिक संस्थांना आपलं रेडिओ केंद्र काढायला परवानगी दिली. १५ ऑक्टोबर २००८ ला मेदक जिल्ह्यातल्या माचनूर गावात ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो चालवणाऱ्या गावच्याच दलित शेतकरी बाया. परवाना मिळण्याआधी कित्येक वर्षं त्या कार्यक्रम कॅसेटवर भरत होत्या आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकत होत्या. आपल्या महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या म्हसवड गावी ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला, तोही २००८ सालीच. ज्या बाया दाराआडून ऐकत होत्या, त्या आता माइकपुढे आल्या.

आपली बोलण्या-ऐकण्याची परंपरा तर याहून जुनी. वाशीम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर या पंडिताने लिहून ठेवलं आहे की, काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच वत्सगुल्मात लागलं. हा झाला ग्रंथातला मान. पण आपल्या बायांचं काव्य जात्यावर होतं. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने ऐकायची आणि पुढची जोडायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी कार्यकर्त्या बायांच्या सोबतीने महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित आहेत आणि ‘पारी’ या संकेतस्थळावर आज फोनवर ऐकता येतात. जी ओवी दोघींनी म्हटली, ती दोघींनीच ऐकावी. इथे ती दोन तोंडांची पिन कामाला येते.

आमच्या मते बचत गटाला तिचा उपयोग तीन ठिकाणी आहे.

एक, जे मोठ्याने लावता येत नाही ते ऐकायला. पाळीचे त्रास, अंगावरून जाणं, कुटुंब नियोजन, घरातली मारहाण आणि तिच्याविरुद्धचा कायदा. ओसरीवर माणसं बसलेली असताना हे स्पीकरवर लावता येत नाही. एकटीने ऐकलं तर शंका मनातच राहते. सासू-सून, जावा-जावा, आई-लेक अशा दोघींनी ऐकलं तर लगेच बोलताही येतं.

दोन, भाषेसाठी. मानोरा, पोहरादेवीकडच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. कार्यक्रम असतो पुस्तकी मराठीत. म्हाताऱ्या याडीच्या शेजारी शाळकरी नात बसली, दोघींच्या कानाला एकच आवाज असला, तर नात मधे मधे थांबवून गोरमाटीत सांगू शकते. लिहिता न येणारी आणि लिहिता येणारी, अशी जोडीही छान जमते.

तीन, आवाज भरताना. गटातल्या आजीच्या ओव्या, तांड्यावरची लेंगी फोनवर भरून ठेवायची असेल, तर नंतर तपासायला एकीऐवजी दोघी ऐकायला बसाव्यात. एकीला जो शब्द निसटतो तो दुसरीला सापडतो.

‘एकाच हेडफोनचा एकेक कान वाटून घेऊ की,’ असं कोणी म्हणेल. घेता येतो. पण डाव्या आणि उजव्या कानात येणारा आवाज वेगवेगळा असू शकतो. दोन माइकवर भरलेली मुलाखत असेल, तर एका कानात प्रश्न आणि दुसऱ्या कानात उत्तर असंही होतं. पिनेमुळे दोघींनाही दोन्ही कान मिळतात.

आता घेताना काय बघायचं ते सांगतो.

पिनेवर काळ्या रेघा असतात. दोन रेघा असतील तर ती नुसती ऐकण्याची. तीन असतील तर तिच्यात माइकचीही सोय असते. बाजारात अगदी सारखी दिसणारी दुसरी एक वस्तू मिळते. तिच्या एका भोकाजवळ हेडफोनचं आणि दुसऱ्याजवळ माइकचं चित्र असतं. ती आपल्या कामाची नाही, तिच्यात एकीलाच ऐकू येईल. आपल्याला दोन्ही भोकांवर हेडफोनचं चित्र असलेली हवी. दुकानातच दोन हेडफोन लावून बघा आणि मग पैसे द्या.

दोन हेडफोन लावले की फोनची ताकद वाटली जाते, एका मोटारीवर दोन पाइप लावले की धार कमी होते तशी. म्हणून आवाज थोडा उतरू शकतो. शक्यतो दोन्ही हेडफोन एकाच जातीचे घ्या, नाहीतर एकीला मोठं आणि एकीला बारीक ऐकू येईल. एका पिनेला दुसरी पिन, तिला तिसरी, अशी माळ लावू नका. आवाज पार बसतो. चार-पाच जणींना ऐकायचं असेल तर आवाज वाढवणारी वेगळी पेटी मिळते, तिच्यात प्रत्येकीचं बटण वेगळं असतं. नाहीतर सरळ स्पीकर बरा.

एकीने हेडफोन काढला की दुसरीच्या कानात आवाज एकदम वाढू शकतो. म्हणून काढताना आधी आवाज कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. डेसिबल मोजायला आपल्याकडे यंत्र नाही. पण हातभर अंतरावरचं साधं बोलणं ऐकू येईना झालं, तर आवाज जास्त आहे असं समजा. कानात घालायच्या गोळ्या मात्र ज्याच्या त्याच्या. कान वाहत असेल तर मुळीच वाटून घेऊ नका.

फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर तो बहुधा वायरचा हेडफोन लावल्यावरच लागतो, कारण ती वायरच एरियलचं काम करते. आवाज खरखरला तर वायर मोकळी सोडा, गुंडाळून ठेवू नका. आणि नव्या फोनला गोल भोक नसेल तर आधी टाइप-सीची जोडणी लागेल, तिच्यापुढे ही पिन. तीही आपल्या फोनवर चालते का, ते दुकानातच बघून घ्या.

शेवटी एकच. १९५६ च्या त्या मंडळांनी दाखवून दिलं की, ऐकणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे त्यावर बोलणं आणि ठरवणं. तेव्हा त्या वर्तुळात बाया नव्हत्या. आज गट आपला आहे, वही आपली आहे, बैठकीचा दिवस आपला आहे. येत्या बैठकीत एक कार्यक्रम निवडा. दोघी-दोघींच्या जोड्या करा, बैठकीआधी सवडीने ऐका. बैठकीत प्रत्येक जोडीने सांगायचं : काय कळलं, काय पटलं नाही, आणि आपण काय करणार. ते गटाच्या वहीत लिहा आणि तुमचे प्रश्न आमच्याकडे पाठवा. त्यांची उत्तरं शोधून पुढच्या भागांत देणं हे आमचं काम.